व्हीआरमध्ये नट चिमटीत धरला की उडतो. पकड खरी कशी आणायची?

वाळूज_शेड (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. आयटीआय फिटरच्या पोरांसाठी एक सराव तयार करायलोय. बेंच व्हाइसमध्ये उभा धरलेला एम१६ चा (१६ मिमी जाडीचा) बोल्ट, शेजारी वॉशर, नट आणि २४ चा पाना. हेडसेट घातला की आपलेच हात समोर दिसतात, कंट्रोलर नाही. पोरानं वॉशर टाकायचा, नट चिमटीत उचलायचा, बोल्टच्या तोंडावर बसवून हातानं दोन-तीन आटे फिरवायचे आणि मग पाना लावायचा. काम एवढंच.

अडलंय ते पकडीपाशी. नट अंगठा आणि तर्जनीत आला की आधी थरथरतो, जरा दाब वाढला की टणकन उडून जातो. पाना उचलला जातो, पण एका टोकाला धरला की बोटांभोवती गर्रकन फिरून खाली लोंबतो.

ज्याला विचारावं तो सांगतो, हात जवळ आला की वस्तू हाताला चिकटवून टाक. मला ते नको आहे. नट कुठूनही कसाही धरला तरी चिकटणार असेल तर पोरगं शिकणार काय? वाकडा धरला तर वाकडाच दिसला पाहिजे, ढिला धरला तर पडला पाहिजे.

युनिटी वापरतोय (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, वस्तूंच्या हालचालीचं गणित त्यातलं इंजिन करतं). बोटाच्या प्रत्येक पेराला कॅप्सूल आकाराचा कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार) लावलाय आणि ट्रॅकिंगमधून, म्हणजे हेडसेटचे कॅमेरे हात ओळखतात त्यातून, येणारी जागा थेट त्या पेराला देतो. कुणी हे काम केलं असेल तर सांगा.

गोदाकाठ (नांदेड)

दादा, दुखणं तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. ट्रॅकिंगची जागा थेट पेराला दिली की इंजिनच्या दृष्टीनं त्या पेराचं वस्तुमान अनंत होतं. ते कशानंच थांबत नाही. अंगठा इकडून नटात घुसतो, तर्जनी तिकडून. इंजिनाला ठाऊक असलेलं काम एकच, एकमेकांत शिरलेल्या वस्तू वेगळ्या करणं. दोन्ही बाजू बंद, म्हणून नट जिकडे फट सापडेल तिकडे सुटतो. युनिटीत या बाहेर काढण्याच्या वेगाची मूळ मर्यादा सेकंदाला १० मीटर आहे. इवल्याशा नटासाठी ती फार झाली. आज दुसरं काही नाही केलं तरी ती १ च्या खाली आणा, उडणं लगेच कमी होईल.

पण तो वरवरचा इलाज. बोटं आत का घुसतात ते बघा. खऱ्या जगात तिथं नट नाहीच. त्यामुळे माणसाची चिमटी बोटाला बोट लागेपर्यंत मिटते. नट २४ मिमी रुंद, म्हणजे प्रत्येक बोट १२ मिमीपर्यंत आत जाणार. हवेत हात चालवणाऱ्या कुणाचंही हेच होतं.

उपाय म्हणजे हात दोन करायचे. पहिला ट्रॅकिंगचा. तो नुसता इशारा देतो, कशालाच शिवत नाही. दुसऱ्या हाताला वजन, सांधे आणि कोलायडर द्यायचे आणि इंजिनाच्या ताब्यात सोडायचा. दोघांच्या मध्ये स्प्रिंग आणि डॅम्पर (हेलकावे शोषणारा). बोर्स्ट आणि इंदुगुला यांनी २००५ मध्ये अख्ख्या हातासाठी हे मांडलं. त्याचं मूळ हॅप्टिक्सच्या, म्हणजे यंत्रातून स्पर्श जाणवून देण्याच्या, कामात आहे. १९९५ मध्ये झिलेस आणि सॅलिसबरी यांनी एका टोकासाठी हीच युक्ती केली होती, उपकरणाचं टोक वस्तूच्या आत गेलं तरी त्याचा आभासी जोडीदार पृष्ठभागावरच राहतो.

आता खरं बोट आत गेलं की सिम्युलेशनचं बोट नटाच्या अंगावर अडतं. दोघांत जितकं अंतर, तितकी स्प्रिंग ताणली जाते आणि तितकाच दाब नटावर पडतो. बोट किती आत गेलं ती खोली हीच पकड.

स्प्रिंग किती कडक ठेवायची यात मात्र माणसं अडकतात, म्हणून आकडे मांडून दाखवतो. बळ स्वतः मोजून दर पायरीला (इंजिन ठरावीक वेळानं हिशेब करतं, त्यातला एकेक) लावलं तर कडकपणाची वरची सीमा साधारण ४ × वस्तुमान ÷ पायरीच्या वेळेचा वर्ग. बोटाचं शेवटचं पेर १० ग्रॅमचं धरा. युनिटीची मूळ पायरी ०.०२ सेकंदाची. सीमा आली १०० न्यूटन प्रति मीटर. त्याच्या पुढे बोट थरथर कापणार, आणि सीमेच्या जवळही चैन नाही, म्हणून चौथा हिस्साच वापरा असं मी सांगेन. म्हणजे २५. १२ मिमी आत गेलं तर दाब ०.३ न्यूटन.

एम१६ च्या नटाचं वजन साधारण ३३ ग्रॅम, म्हणजे ०.३३ न्यूटन. घर्षणांक ०.६ धरला तर दोन बोटांत तो पेलायला प्रत्येकी ०.२७ न्यूटन लागतं. नट कसाबसा तरला. पाना ३०० ग्रॅमचा धरा, त्याला प्रत्येकी अडीच न्यूटन हवं. शिवाय त्याची दांडी पातळ. ८ मिमीची असेल तर बोटाला आत जायला ४ मिमीच जागा. २५ च्या स्प्रिंगनं ०.१ न्यूटन मिळेल. पाना पडणारच.

म्हणून तीन गोष्टी करा. पायरी ०.००५ सेकंदाची करा. पेराचं वजन ५० ग्रॅम ठेवा, खऱ्यापेक्षा जास्त झालं तरी चालेल. मग सीमा ८००० वर जाते, चौथा हिस्सा २०००, आणि ४ मिमीला ८ न्यूटन मिळतात. तिसरी, बळ स्वतः लावू नका. युनिटीतलाच सांध्याचा ड्राइव्ह किंवा आर्टिक्युलेशन बॉडी (सांध्यांनी जोडलेली साखळी) वापरा. त्यात स्प्रिंगचं गणित पुढच्या क्षणाची स्थिती धरून सोडवलं जातं, त्यामुळे स्प्रिंग कडक असली तरी हात सहसा थरथरत नाही.

वाळूज_शेड

गोदाकाठ सर, इतकं उलगडून कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. एक शंका. पोराला दाखवायचा कोणता हात? दोन्ही दाखवले तर गोंधळ व्हायचा.

गोदाकाठ

वजनाचा हात दाखवा. इशाऱ्याचा हात लपवा. दोघांतलं अंतर फारच वाढलं तर तेवढ्यापुरता फिकट दाखवा, म्हणजे आपला हात कुठं राहिला ते कळतं.

परभणीची_कोडवाली (सध्या पुणे)

पाना गर्रकन फिरतो त्याचं कारण वेगळं आहे, ते राहून गेलं.

आपलं बोट मऊ असतं. दाबलं की चपटं होऊन एक छोटा डाग वस्तूला टेकतो. त्या डागातलं घर्षण सरकणं अडवतं आणि पिळही अडवतं. इंजिनातला कॅप्सूल कडक. तो सपाट दांडीला एखाद्या बिंदूतच टेकतो. बिंदूला पिळाचं घर्षण नसतं. अंगठ्याचा एक बिंदू आणि तर्जनीचा एक बिंदू, की झाली दोघांमधून जाणारी धुरी तयार. तिच्याभोवती पाना फिरायला मोकळा. दाब दुप्पट केला तरी फिरणारच.

मुजोको या दुसऱ्या इंजिनात यासाठी सोय आहे, संपर्काची कॉन्डिम नावाची सेटिंग ४ ठेवली की पिळाचं घर्षण धरलं जातं. युनिटीत सोपा मार्ग म्हणजे पेराच्या टोकाला एका कॅप्सूलऐवजी तीन-चार छोटे गोल लावा, थोड्या अंतरावर. एकाचे चार बिंदू झाले की पिळ आपोआप अडतो. आणि पाना पेलायला मधलं बोट, अनामिका, करंगळी आणि तळवा पण कामाला लावा. माणूस पाना चिमटीत धरतच नाही.

बाकी भराभर लिहिते. नटाचा कोलायडर षटकोनी आणि मधे भोक असलेला हवा. पण हलणाऱ्या वस्तूला खोलगट मेश (जाळीनं बनवलेला आकार) चालत नाही, म्हणून सहा ठोकळे गोलाकार जोडून नट करा. संपर्काचं मूळ ऑफसेट (किती जवळ आलं की संपर्क मोजायचा ते अंतर) १ सेंटिमीटर आहे, नटासाठी १ मिलिमीटर करा. सॉल्व्हरचे (संपर्कांचं गणित सोडवणाऱ्या भागाचे) फेरे मूळ ६ असतात, ते २० च्या आसपास न्या. आणि हलक्या वस्तूचा जडत्व आघूर्ण (फिरण्याला होणारा विरोध) इतका बारीक असतो की जरा चुकीचा धक्का बसला की ती भिंगरते. नटाचा मुद्दाम काही पट वाढवा, डोळ्याला फरक कळत नाही.

घर्षणांक मात्र वाढवत बसू नका. २ किंवा ३ करून ठेवतात लोक आणि मग नट बोटाच्या मागच्या बाजूलाही लटकतो.

जुना_फिटर (जालना)

मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही. माझ्या पुतण्यानं हा धागा वाचून दाखवला, तोच टाइप करायलाय. मी उभा जन्म रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये काढला, त्यातलं सांगतो.

पोरं नट कसा लावतात बघा. बोल्टवर ठेवला की लगेच घड्याळाच्या दिशेनं रेटतात. नट तिरका चढतो. मग हातानं जाईना म्हणून पाना लावतात आणि आटे जातात. बोल्ट वाया, नट वाया, आणि जागा अडचणीची असली तर अर्धी पाळी वाया.

नट लावायचा तर आधी तो बोल्टच्या तोंडावर सपाट टेकवायचा. चिमटीत दोन्ही बाजूंनी सारखा धरायचा, आवळून नाही. मग उलटा फिरवायचा. हो, उलटा. फिरवता फिरवता एका ठिकाणी बारीक टक होतं आणि नट केसभर खाली बसतो. बोटाला कळतं. तिथून सुलटा फिरवला की आटा पकडला. मग दोन बोटांनी भिरभिर खाली जातो. न गेला तर समजायचं काहीतरी अडलंय, काढून बघायचं. हातानं निदान तीन आटे गेल्याशिवाय पान्याला शिवायचं नाही.

दुसरं. आवळून धरणाऱ्याला तो टक कधीच कळत नाही. तुमच्या यंत्रात पोरगं आवळून धरतं की हलकं धरतं हे समजत असेल तर ते त्याला दाखवा. ही गोष्ट मी पोरांना तोंडानं सांगून थकलो, कारण दुसऱ्याच्या बोटातला जोर डोळ्यानं दिसत नाही.

वॉशर टेबलावरून नखानं उचलतात, नाहीतर कडेला सरकवून. तुमच्या हाताला नख आहे का?

पाना स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही. ढकलताना सटकला की बोटांची सालटी निघतात.

वाळूज_शेड

काका, नमस्कार. उलट्या फेऱ्याचं आमच्या मसुद्यात कुठंच नव्हतं. सरावाचा मुख्य भाग आता तोच करतो. पुतण्यालाही धन्यवाद सांगा.

पण गोदाकाठ सर, आट्यांचं करायचं कसं? खरे आटे कोरलेला बोल्ट आणि नट एकमेकांत बसवून इंजिनावर सोडले तर?

गोदाकाठ

सोडू नका. एम१६ चा आटा २ मिमीचा, म्हणजे एका फेऱ्याला नट २ मिमी खाली. इतक्या बारीक कंगोऱ्यांचे शेकडो संपर्क एकाच क्षणी सोडवायचे तर हेडसेटचा प्रोसेसर दमेल, आणि नट अडकेल किंवा आरपार जाईल.

माझं मत असं, धरणं-सोडणं-पडणं भौतिकीवर सोडा, आटे मात्र नियमानं लिहा. नट तोंडाजवळ आला की दोन गोष्टी मोजा. त्याचा अक्ष बोल्टच्या अक्षापासून किती अंश कललाय, आणि आट्याच्या सुरुवातीच्या मानानं नट कुठल्या कोनात आहे. काका म्हणतात तो टक म्हणजे नटाच्या आट्याचं टोक बोल्टच्या आट्याच्या टोकावरून घसरून खाली पडणं. उलट्या फेरीत तो कोन आला की नट अर्धा-एक मिमी खाली सोडा आणि बारीक आवाज द्या. कल ठरलेल्या मर्यादेत असेल तर तिथून पुढे एकच सांधा, फिरणं आणि उतरणं एकमेकांना बांधलेलं, फेऱ्याला २ मिमी. कल जास्त असताना कुणी सुलटा रेटला तर तिरका चढलेला नट, म्हणजे वाढत जाणारा विरोध आणि थोड्या अंतरावर पूर्ण थांबा.

विरोध हाताला लागत नाही, डोळ्याला लागतो. दोन हातांची जोडणी इथंच कामाला येते. खरा हात पुढं गेला आणि दिसणारा हात नटावर अडून मागं राहिला की माणसाला जड वाटतं. याला स्यूडो-हॅप्टिक म्हणतात, लेक्युयर आणि सहकाऱ्यांचं २००० सालचं काम आहे. पण टॉर्क किती लावायचा हे यावर शिकवू नका. ते खऱ्या बोल्टवर, टॉर्क रेंच हातात घेऊनच.

काकांचा आवळण्याचा मुद्दा तर सोन्यासारखा आहे. स्प्रिंगमधला दाब तुमच्याकडे दर पायरीला तयारच असतो. नटाच्या कडेचा रंग त्यावर बदला. नख नाही, ते खरं. कॅप्सूलच्या टोकाला पातळ पट्टी बसवून नख करता येईल, पण ट्रॅकिंग तितकं अचूक नसतं. वॉशर टेबलाच्या कडेला सरकवू द्या.

निर्गुडी (अंबाजोगाई)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धांगवायूनंतर हाताची हालचाल परत आणण्याच्या कामात अशा सरावांचा उपयोग होईल असं वाटतं, म्हणून वाचत होते. दोन गोष्टी मांडते.

पहिली, निरोगी माणूस वस्तू उचलताना पकड आणि भार जोडीनं वाढवतो. जोहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये चिमटीत वस्तू उचलायला लावून हे मोजलं होतं. पृष्ठभाग सँडपेपरचा, स्वेडचा आणि रेशमाचा असा बदलला. रेशीम निसरडं, तिथं पकड जास्त. आणि प्रत्येक वेळी ती घसरण्याच्या सीमेच्या थोडीशीच वर. बोटांची संवेदना बधिर केली की हा हिशेब बिघडतो. तुमच्या सरावात सगळ्यांचीच बोटं एका अर्थानं बधिर आहेत, स्पर्शच नाही. तेव्हा पोरं जास्त आवळतील, हे धरून चाला. रंगाची खूण त्यासाठी हवीच.

दुसरी, ढिलं धरलं तर पडलं पाहिजे हे फिटरसाठी बरोबर आहे, पण माझ्या रुग्णांसाठी नाही. ज्याची बोटं जेमतेम मिटतात त्याच्या हातून आभासी पेला पुन्हा पुन्हा पडला तर तो दुसऱ्या दिवशी यायचा नाही. त्यांना मदत हवी, आणि ती हळूहळू कमी करता यावी. हे तुमच्या रचनेत जमेल का?

परभणीची_कोडवाली

जमेल ताई, आणि चिकटवल्याशिवाय जमेल. दाब = कडकपणा × खोली. रुग्णासाठी ही खोली एका आकड्यानं गुणायची. बोट २ मिमी आत गेलं तरी ८ मिमी गेल्यासारखा दाब. महिन्याभरात तो आकडा ४ वरून १ वर आणता येईल. बोटं मिटण्याचं काम मात्र रुग्णालाच करावं लागेल. बोट टेकलंच नाही तर काहीच उचललं जाणार नाही.

सोडण्याकडेही लक्ष द्या. बोटं वस्तूत खोल गेलेली असतील तर उघडायला लागल्यावरही ती बाहेर येईपर्यंत वस्तू हातातच राहते. रुग्णाला वाटतं आपण सोडली, पण सुटत नाही. बोट उघडण्याचा वेग ठरावीक मर्यादेवर गेला की दाब झपकन उतरवायचा. फिटरच्या पोरांनाही याचा फायदा होईल.

पैठणचा_माग (पैठण)

आमच्याकडे पैठणीचा हातमाग आहे. नव्या मुलींना धोटा टाकायला, तुटलेला धागा सांधायला असं काही शिकवता येईल का?

गोदाकाठ

धोटा टाकणं जमेल, ती कडक वस्तू आहे. धागा सांधणं आज नको. एकेका धाग्याची हालचाल मोजायला एक्सपीबीडीसारख्या गणिती पद्धती आहेत, २०१६ पासून. पण रेशमाचा अख्खा ताणा आणि त्यात दोन बोटांच्या टोकांतली गाठ, हे हेडसेटवर त्याच वेळी सोडवणं आणि ट्रॅकिंगनं ती बोटं तितकी अचूक दाखवणं, दोन्ही अवघड. मुलींना मागावरच बसवा.

वाळूज_शेड

मंडळी, दोन हात करून टाकले. पायरी ०.००५, आर्टिक्युलेशन बॉडी, बोटाच्या टोकाला चार गोल. नट चिमटीत स्थिर राहतो. ढिला सोडला की घसरत घसरत पडतो, तो घसरताना बघून मला फार आनंद झाला. पाना मुठीत धरला की आडवा राहतो. उलट्या फेरीतला टक बसवलाय. काकांच्या सांगण्याप्रमाणे तीन आटे हातानं गेल्याशिवाय पाना नटावर बसतच नाही.

सराव करून बघायला शेजारच्या वर्कशॉपमधला एक शिकाऊ मुलगा बोलावला होता. पहिल्यांदा त्यानं नट आवळून धरला, कडा लाल झाल्या. त्यानं बोटं जरा सैल केली, कडा हिरव्या झाल्या, आणि उलटा फिरवताना टक आला तसा तो थांबून माझ्याकडे बघायला लागला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

एक अडचण उरलीय. नट बोल्टवर बसवताना कधी कधी अंगठा एकदम भलतीकडे उडी मारतो आणि नट सुटतो. आमचं शेड पत्र्याचं, दुपारी दारातून ऊन सरळ टेबलावर येतं. त्याचा संबंध असेल का?

परभणीची_कोडवाली

दोन कारणं असतील, ऊन आणि अंगठा झाकला जाणं. ऊन कॅमेऱ्यावर पडलं की हात धुवून निघतो, काही दिसत नाही. शिवाय हेडसेटच्या भिंगात सरळ ऊन गेलं तर आतला पडदा जळतो, दाराला आजच पडदा लावा आणि हेडसेट उघड्यावर पालथा-उताणा कसाही ठेवू नका.

अंगठ्याची उडी मुख्यतः झाकण्यामुळे. व्हाइस छातीसमोर खाली असेल तर कॅमेऱ्याला हाताची पाठ दिसते, अंगठा तिच्याआड जातो आणि ट्रॅकिंग अंदाज बांधतं. व्हाइस थोडा वर घ्या आणि उजव्या हातानं काम करणाऱ्यासाठी किंचित डावीकडे सरकवा, चिमटी बाजूनं दिसेल. ट्रॅकिंगच्या जागेवर वन युरो फिल्टर लावा, २०१२ चा आहे, चार ओळींचं काम. हात सावकाश असताना तो थरथर खातो आणि वेगात असताना मागं पडत नाही. आणि अंगठ्यानं एका चौकटीत (फ्रेममध्ये) ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त उडी मारली तर ती जागा मानूच नका, आधीचीच धरा. नट हातात असताना तेवढा उशीर चालतो.

वाळूज_शेड

व्हाइस वर घेतला, डावीकडे सरकवला, पडदा लावला. उडी बरीच कमी झाली. फिल्टर आज रात्री बसवतो. निर्गुडी ताई, खोलीचा गुणक वेगळ्या सेटिंगमध्ये ठेवलाय, तुम्हाला वापरून बघायचा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, फाइल पाठवतो.